तिसगावचा दूरचा रेडिओ

१/
नगर-पाथर्डी रस्त्यावर करंजी घाट उतरला की पुढे तिसगाव लागते. सरळ रेषेत मोजल्यास या गावापासून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुमारे ८५ किलोमीटर, पुणे १४५, मुंबई २३०, हैदराबाद ४०० आणि कोलंबो साडेचौदाशे किलोमीटरवर आहे. भारतातील नियमित रेडिओ प्रसारणाच्या पहिल्या साठ वर्षांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एकही प्रसारण केंद्र नव्हते. साहजिकच या मुलखाने ऐकलेला सारा रेडिओ दूरचा होता, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुणासाठी बोलत होता. १९५६ साली मात्र एका दूरच्या केंद्राने नगर जिल्ह्यातील खेड्यांना उद्देशून बोलून त्यांच्या उत्तराची वाट पाहिली. त्या घटनेपर्यंतचा आणि नंतरचा हा इतिहास.

२/
२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या मीडियम वेव्ह प्रक्षेपकाची शक्ती होती दीड किलोवॅट, आणि खात्रीचा टप्पा सुमारे ४८ किलोमीटर. म्हणजे कल्याणच्या जरा पुढे मुंबईचा आवाज संपत असे. घाटावरचा महाराष्ट्र त्या कंपनीच्या हिशेबातच नव्हता. १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, सरकारने प्रसारण हाती घेतले आणि जून १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

३/
तिसगावच्या पूर्वेला, काही कोसांवर, आणखी एक राज्य होते. पाथर्डी तालुक्याची शीव बीड जिल्ह्याला भिडते आणि बीड तेव्हा निझामाच्या हद्दीत होते. १९३५ पासून हैदराबादेत निझाम सरकारचे स्वतःचे केंद्र चालू होते. ‘डेक्कन रेडिओ’ या नावाने ते ओळखले जाई. मुलकी हद्द रस्त्यावरच्या नाक्यापाशी अडवता येते, रेडिओची लहर अडवता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाने शरणागती जाहीर केली, ती याच केंद्रावरून. सरहद्दीवरच्या मुलखासाठी ती बातमी केवळ राजकारणाची नव्हती. शिवेपलीकडे सोयरीक असलेल्या घरांच्या जिवाची होती.

४/
त्याआधी, १९४२ साली, एक विलक्षण योग जुळून आला होता. ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिस्त झाले. त्याच वर्षी मराठी भाषा दोन परस्परविरोधी राजधान्यांतून आकाशात होती: लंडनहून बीबीसीची मराठी वार्तापत्रे आणि जर्मनीतून सुभाषचंद्र बोसांच्या आझाद हिंद रेडिओची. एक साम्राज्याच्या बाजूची, दुसरी त्याच्या विरोधातली. ज्या जिल्ह्यात देशाचे पुढारी कैदेत होते, त्या जिल्ह्यातल्या खेडुताला हे दोन्ही आवाज ऐकायचे तर संच हवा होता. तो कुठून यावा?

५/
संचाचा खर्च हा या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. वीज नसलेल्या गावात व्हॉल्व्हचा रेडिओ सुक्या बॅटरीवर चाले. व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टचा दाब लागे आणि बाकीच्या मंडलाला ९० व्होल्टचा. दोन्ही मिळून एक जडशीळ खोका होई. तो संपला की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून नवा आणावा लागे. माळवदावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेची एरियल ताणायची, दुसरी तार ओल्या जमिनीत पुरायची. शिवाय पोस्टातून वार्षिक परवाना घ्यायचा. १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार विनापरवाना संच बाळगणे हा गुन्हा होता. त्यामुळे गावात रेडिओ असलाच तर तो एखाद्या सधन वाड्यात, नाहीतर सरकारी प्रसिद्धी खात्याने दिलेला चावडीवरचा सार्वजनिक संच.

६/
आता थोडे शास्त्र, कारण त्याविना दूरचे ऐकणे समजत नाही.
मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून चालते आणि अंतरागणिक क्षीण होते. वर आकाशाकडे गेलेला तिचा भाग साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर गिळून टाकतो. हा थर उन्हाने बनतो आणि सूर्य मावळला की विरतो. मग तीच लहर त्याहून उंच थरांवर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरते.

७/
म्हणून तिन्हीसांजेला रेडिओचा भूगोलच बदलत असे. दुपारी ज्या पट्ट्यावर जेमतेम दोन-तीन केंद्रे लागत, तिथे दिवेलागणीनंतर दाटी होई: हैदराबाद, नागपूर, राजकोट, कधी समुद्रापलीकडचे अनोळखी भाषेतले गाणे. आवाज लाटेसारखा मोठा होई, बुडे, पुन्हा वर येई. एकाच केंद्राच्या दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी जुळत, कधी एकमेकींना मारत. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री सर्वांत उत्तम. मृगाच्या विजा कडाडू लागल्या की नुसती खरखर. शेतकरी कान पावसाची चाहूल कधीकधी रेडिओतूनच घेत असे, हवामानाच्या बातम्यांच्या आधी.

८/
२ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. नगर जिल्ह्याला दिवसाही ऐकू येईल असे मराठी केंद्र लाभले. त्याची पहिली काही वर्षे मराठी प्रसारणाच्या इतिहासात अपवादात्मक आहेत. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी ‘गीतरामायण’ सुरू झाले, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत, एकूण ५६. त्याच वर्षी ग. दि. मांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दाखल झाले.

९/
‘गीतरामायणा’ची आठवण महाराष्ट्राने जपली. त्याच केंद्रावर, त्याच महिन्यांत, त्याच्या शेवटच्या गीतांच्या बरोबरीने चाललेला दुसरा उपक्रम मात्र जवळजवळ विसरला गेला. जगभरच्या प्रसारणतज्ज्ञांच्या ग्रंथांत त्याला ‘पुणे प्रयोग’ म्हणून स्थान आहे. महाराष्ट्रात तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

१०/
कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट ठरलेल्या रात्री एकत्र रेडिओ ऐकत, ऐकलेल्यावर चर्चा करत आणि मते केंद्राला कळवत. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने हाच प्रयोग भारतात करायचे ठरवले. महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. त्यांनी पुणे केंद्र निवडले आणि पाच जिल्हे घेतले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. मिळून सुमारे दीडशे गावे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम.

११/
प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे श्रोता मंडळ. त्यात एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रकाने संच लावायचा, कार्यक्रम संपल्यावर तो बंद करायचा आणि चर्चा सुरू करून द्यायची. शेती, आरोग्य, शिक्षण, पंचायतीचा कारभार असे विषय. चर्चेचा वृत्तान्त आणि न सुटलेले प्रश्न कागदावर उतरवून पुण्याला धाडायचे. नव्या कार्यक्रमात मागच्या प्रश्नांना उत्तरे मिळत. घोषवाक्य होते: ऐका, चर्चा करा, कृती करा.

१२/
यातले नवेपण आज चटकन लक्षात येत नाही. तोवर रेडिओ म्हणजे एकतर्फी आवाज होता. साहेबाचा असो, निझामाचा असो वा दिल्लीचा, तो सांगे आणि गाव ऐके. आता नगर जिल्ह्यातल्या एखाद्या चावडीवरून निघालेले पोस्टातले पाकीट पुण्याला पोचे, आणि दीडशे किलोमीटरवरून येणारा आवाज त्या पाकिटातल्या शंकेला उत्तर देई. मीडियम वेव्हची परतीची वाट टपाल खात्याने पुरवली होती.

१३/
मूल्यमापन केले मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने. प्रमुख होते समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराट. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून तो जिवंत सुटला होता आणि त्या छावण्यांतील समाजरचनेवर त्याने ग्रंथ लिहिला होता. माणसाला बोलूच न देणारी व्यवस्था ज्याने आतून पाहिली, तो आता मराठी खेड्यांत माणसे बोलू लागल्यावर काय घडते याची नोंद करत होता.

१४/
तुलना मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांच्यात झाली. कार्यक्रमांपूर्वी आणि नंतर तेच प्रश्न विचारले गेले. मंडळाच्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली; नुसता संच असलेल्या गावांत फारच थोडी. निष्कर्ष यंत्राच्या विक्रेत्यांना न रुचणारा होता. संच वाटून गाव शहाणे होत नाही, ऐकलेल्यावर बोलायला जागा मिळाली तरच काही घडते. माथुर आणि नॉयराट यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ही योजना देशभर लागू झाली.

१५/
प्रयोगाचा गौरव करताना एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. चावडी हे गावातले सर्वांचे ठिकाण नव्हते. बायका तिथे बसत नसत, आणि दलित वस्तीतला माणूस तिथे किती मोकळेपणाने तोंड उघडू शकत होता, हे त्या काळचे खेडे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. गाव बोलू लागले हे खरे. पण गाव म्हणजे कोण, हा प्रश्न रेडिओने सोडवला नाही, तो सोडवण्याची ताकदही त्याच्यात नव्हती.

१६/
देशभर विस्तार झाल्यावर योजनेतला प्राण हळूहळू गेला. मंडळांचा आकडा हजारांत पोचला, पण प्रत्येक पत्राला उत्तर देणारे छोटे, सावध केंद्र दीडशे गावांसाठी शक्य होते, हजारो गावांसाठी नव्हे. सरकारी योजनांच्या बाबतीत हे नेहमीचेच.

१७/
दरम्यान रात्रीच्या कानावर दुसऱ्याच केंद्राने ताबा मिळवला होता. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री होते. चित्रपटसंगीत हलके, असे त्यांचे मत. आकाशवाणीवरून ते जवळपास हद्दपार झाले. श्रोते कोलंबोकडे वळले. युद्धकाळात मित्रराष्ट्रांच्या फौजांसाठी लंकेत उभारलेला शॉर्ट वेव्ह प्रक्षेपक ‘रेडिओ सिलोन’च्या हाती आला होता. १९५२ च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तिथून तो आवाज पुन्हा भारतात उतरे. मुंबईचा माणूस मुंबईपासून २३० किलोमीटरवरच्या खेड्याशी बोलायला समुद्र ओलांडून जात होता! ऑक्टोबर १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती हे सरकारने यावर उशिरा शोधलेले उत्तर.

१८/
साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि चावडीचे महत्त्व ओसरले. ९० व्होल्टच्या खोक्याऐवजी टॉर्चचे चार सेल पुरू लागले. माळवदावरची तार उतरली, कारण एरियल आता पेटीच्या आतच, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली होती. ही कांडी दिशा ओळखते. केंद्र बुडू लागले की ट्रान्झिस्टर जागच्या जागी फिरवायचा, नको असलेले केंद्र दबते आणि हवे ते वर येते. विहिरीवर, मोटेपाशी, बैलगाडीच्या साठ्याला अडकवून ज्याने हा उद्योग केला, तो नकळत दिशाशोधनाचे शास्त्र शिकला. ऐकणे मात्र आता एकट्याचे झाले.

१९/
एक गंमत. पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५, हैदराबाद ७३८, सांगली १२५१, परभणी १३०५, राजकोट १०७१. या साऱ्या किलोहर्ट्झ संख्यांना ९ ने नि:शेष भाग जातो. रात्री केंद्रे एकमेकांवर चढू नयेत म्हणून १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत आशिया, युरोप आणि आफ्रिकेसाठी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा ठरल्या. २३ नोव्हेंबर १९७८ पासून त्या अमलात आल्या.

२०/
पोस्टातला परवाना १९८५ साली सर्वच संचांसाठी रद्द झाला. १८ मे १९८८ रोजी नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर ‘नॅशनल चॅनल’ सुरू झाले. तिसगावच्या माळवदावर जे निसर्गक्रमाने घडत होते, त्याच रात्रीच्या आकाशावर विसंबून सबंध देशाला एका केंद्राने जोडण्याची ही योजना होती. २०१८ च्या अखेरीस प्रसार भारतीने ते बंद करण्याचा निर्णय घेतला.

२१/
नगर शहराला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र नव्वदच्या दशकात मिळाले, तेही एफएमवर. एफएमची लहर नजरेच्या रेषेत जाते. मीडियम वेव्हसारखी डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरत नाही. नगर आणि तिसगाव यांच्यामध्ये गर्भगिरीची रांग आणि करंजीचा घाट उभा आहे. मीडियम वेव्हला ही अडचण कधी आली नव्हती; तिला अडचण आता निराळी आहे. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा गुणगुणाट नेमका त्याच पट्ट्यावर पसरतो, आणि तो मृगाच्या विजांसारखा दोन महिन्यांनी थांबत नाही.