भागविरलन
कंपनीने नवे भाग म्हणजे शेअर काढल्यामुळे जुन्या भागधारकाच्या मालकीच्या प्रमाणात होणारी घट. नवे भाग वाजवी किंमतीस विकले गेले आणि मिळालेला पैसा उत्पादक कार्यात गुंतविला गेला, तर प्रमाण घटूनही जुन्या भागाचे मूल्य टिकते. ते बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किंमतीस दिले गेल्यास मात्र जुन्या भागधारकाच्या मूल्याचा काही अंश नव्या धारकाकडे जातो. अत्यल्प किंमतीच्या, म्हणजे पेनी शेअरांच्या, बाबतीत हा धोका अधिक असतो. कारण अशा बहुतेक कंपन्यांजवळ पुरेसा नफा वा तारण नसल्याने नवे भाग काढूनच त्यांना भांडवल उभारावे लागते.

विरलनाचे प्रारंभीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ईअरी रेल्वे कंपनीचे आहे. १८६८ मध्ये कॉर्नेल्यस व्हँडरबिल्ट (१७९४–१८७७) याने कंपनीवर ताबा मिळविण्यासाठी तिचे भाग खरेदी करण्यास सुरुवात केली. तेव्हा डॅन्येल ड्रू, जे गूल्ड व जेम्स फिस्क या संचालकांनी १ कोटी डॉलरचे परिवर्तनीय कर्जरोखे काढून त्यांचे १ लाख भागांत रूपांतर केले. न्यायालयीन मनाईला न जुमानता हे भाग बाजारात आणले गेले आणि अटक टाळण्यासाठी संचालक रोख रक्कम घेऊन न्यू जर्सीत गेले. पुढे न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने हे भाग कायदेशीर ठरविले. त्याच वर्षी चार महिन्यांत कंपनीचे भागभांडवल सुमारे ३.४ कोटी डॉलरवरून ५.७ कोटी डॉलरच्या वर गेले. या झगड्याशी संबंध नसलेल्या भागधारकांच्या मालकीचे प्रमाणही त्यामुळे घटले. त्यांत इंग्लंडमधील पुष्कळ गुंतवणूकदार होते. १८६९ मध्ये न्यूयॉर्क शेअरबाजाराने कंपन्यांना आपल्या भागांची नोंदणी करणे आवश्यक केले. ईअरी कंपनी १८७५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

परिवर्तनीय रोख्यांचे हेच साधन विसाव्या शतकाच्या अखेरीस पेनी शेअरांच्या बाजारात वेगळ्या स्वरूपात आले. त्यात रूपांतराची किंमत निश्चित नसून ती त्या वेळच्या बाजारभावापेक्षा ठराविक टक्क्यांनी कमी असते. उदा., १ कोटी भाग असलेल्या कंपनीने १० लाख डॉलरचे असे कर्ज २० टक्के सवलतीने घेतले. भाव १ डॉलर असताना धनकोला १२.५ लाख भाग मिळतील. भाव २० सेंटवर आल्यास ६२.५ लाख भाग द्यावे लागतील. मूळच्या १ लाख भागांच्या धारकाची मालकी तेव्हा १ टक्क्यावरून सुमारे ०.६२ टक्क्यावर येते. धनको मिळालेले भाग विकत राहिल्यास भाव आणखी उतरतो आणि पुढील रूपांतरात त्याला अधिक भाग मिळतात. भागधारकाच्या खात्यातील भागांची संख्या मात्र तीच राहत असल्याने ही घट त्याच्या सहज लक्षात येत नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने पेनी शेअरांच्या दलालांवर धोक्याची माहिती ग्राहकास देण्याचे बंधन घातले. परंतु नवे भाग काढण्यास त्यामुळे प्रतिबंध झाला नाही.

भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याने नवे भाग प्रथम विद्यमान भागधारकांना देऊ करण्याचे तत्त्व स्वीकारले. विशेष ठरावाने त्यास अपवाद करता येत असे. १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण उठल्यावर काही कंपन्यांनी प्रवर्तकांना बाजारभावाहून फार कमी किंमतीस भाग दिले. त्यामुळे १९९४ मध्ये सेबीने अशा वाटपाची किमान किंमत बाजारभावाच्या सरासरीशी निगडित केली. २०१३ च्या कंपनी कायद्यातही विद्यमान भागधारकांचा अग्रहक्क व विशेष ठरावाचा अपवाद हे दोन्ही कायम आहेत. म्हणून अल्प किंमतीचा भाग घेणाऱ्याने केवळ भाव न पाहता कंपनीचे अधिकृत भांडवल, वितरित भागांची संख्या, न वटलेले परिवर्तनीय रोखे व सभेपुढील विशेष ठराव यांचा विचार करणे आवश्यक ठरते. भाग स्वस्त आहे किंवा नाही, हे त्याच्या किंमतीवरून नव्हे, तर त्यामुळे मिळणाऱ्या मालकीच्या प्रमाणावरून ठरते.