बासरची वाळू आणि चित्रकर्तीची सही

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धर्माबाद मागे पडले की महाराष्ट्राची सीमा संपते, आणि थोड्याच वेळात गोदावरीच्या काठचे बासर येते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ च्या जिल्हापुनर्रचनेनंतर निर्मल जिल्ह्यात मोडते. १९५६ पर्यंत नांदेड आणि आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला त्यांच्यामध्ये भाषावार प्रांतांची रेषा आली. पण ज्ञानसरस्वतीच्या दर्शनाला येणाऱ्या मराठी माणसांची वाट त्या रेषेने कधी अडवली नाही. वसंतपंचमीला आईबाप आपल्या मुलांना घेऊन येथे येतात, त्यांच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतात आणि देवीच्या अंगावरची हळद प्रसाद म्हणून घरी नेतात.

बासरची स्थलकथा सर्वश्रुत आहे. कुरुक्षेत्रावरील संहाराने खिन्न झालेले व्यास गोदावरीकाठी येऊन राहिले. रोज स्नानानंतर ते नदीतील मूठ मूठ वाळू आणीत आणि तिच्या तीन राशी रचीत. त्या वाळूतूनच सरस्वती, लक्ष्मी आणि काली या तीन मूर्ती साकार झाल्या, आणि व्यासांची पुरी ती पुढे बासर झाली, अशी श्रद्धा आहे. कथा इतिहास नसते. तथापि लोकांच्या मनातील कल्पना तिच्यात उमटलेल्या असतात. या कथेत विद्या आणि कला यांची देवता स्त्री आहे. तिला आकार देणारा हात मात्र पुरुषाचा आहे.

अर्वाचीन काळातही चित्र फारसे निराळे नव्हते. आपल्या घराघरांतील भिंतींवर जी वीणाधारिणी सरस्वती पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली राहिली, तिचे रूप मुख्यतः राजा रविवर्म्याच्या कुंचल्यातून आणि त्यांच्या शिळाछाप छापखान्यातून आले. त्या छापखान्याचा प्रारंभ मुंबईत १८९४ साली झाला. रविवर्म्याची धाकटी बहीण मंगलाबाई हीही उत्तम चित्रे काढीत असे. तिने केलेले आपल्या भावाचे व्यक्तिचित्र आजही उपलब्ध आहे. परंतु भावाचे नाव भारताच्या कानाकोपऱ्यात गेले, आणि बहीण ‘रविवर्म्याची बहीण’ एवढ्याच ओळखीने उरली.

यावरून पूर्वी स्त्रिया चित्रे काढीत नव्हत्या असे कोणी अनुमान काढील, तर ते सर्वस्वी चुकीचे ठरेल. बासरला येणारी मराठी गृहिणी घरून निघताना अंगणात रांगोळी घालून निघते. तिची तेलुगू शेजारीण ‘मुग्गू’ घालून निघते. ठिपके, रेषा, प्रमाण आणि समतोल यांचे जे ज्ञान चित्रशाळेत वर्षानुवर्षे शिकवावे लागते, ते या स्त्रियांच्या बोटांत असते. मात्र सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायदळी पुसली जाते, आणि तिच्याखाली कोणी आपले नाव घालीत नाही.

पालघर जिल्ह्यातील वारल्यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. लग्नाच्या वेळी घरातील गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. त्या चौकात पालघट देवी अवतरते, आणि धवलेरी ही स्त्री पुरोहित गीते म्हणून तिला आवाहन करते. देवी, पुरोहित आणि चित्रकार या तिन्ही ठिकाणी येथे स्त्रीच आहे! पुढे १९७० च्या सुमारास भास्कर कुळकर्णी यांच्यासारख्या कलावंतांच्या प्रयत्नाने ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि जगभर गेली. तेव्हा जे नाव सर्वतोमुखी झाले ते जिव्या सोमा मशे यांचे. त्यांची प्रतिभा थोर होती, आणि २०११ साली त्यांना मिळालेला पद्मश्री किताब सर्वथा योग्य होता, याविषयी दुमत नाही. पण ज्या सवाशिणींनी ही कला शतकानुशतके सांभाळली, त्यांच्यातील कोणाचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? भिंतीला सही लागत नव्हती, ती कागदाला लागली; आणि ती बहुधा पुरुषाची पडली.

म्हणून स्त्रीच्या चित्रकलेचा अर्वाचीन इतिहास हा खरे पाहता सहीचा इतिहास आहे. आपल्या प्रांती त्याची सुरुवात १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेपाशी शोधावी लागते. तेथील शिक्षणात मनुष्याकृतीच्या अभ्यासाला मोठे महत्त्व होते, आणि स्त्री त्या अभ्यासाचा आवडता विषय होती. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे या शाळेचे विद्यार्थी आणि पुढे शिक्षक. स्त्रीवेषांतील बारकावे त्यांच्याइतक्या प्रेमाने कोणी टिपले असतील असे वाटत नाही. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या इंग्रजी ग्रंथातील त्यांची चित्रे प्रसिद्धच आहेत. त्याच शाळेत शिकवणारे गोव्यातील सांगे येथील आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे व्यक्तिचित्रणात निष्णात होते. आपली पत्नी फ्लोरेंतिना हिला समोर बसवून त्यांनी काढलेले ‘दोल्चे फार निएन्ते’ हे विसाव्याच्या क्षणाचे चित्र आजही रसिकांना मोहित करते.

एक कोल्हापूरचा मराठी चित्रकार, दुसरा गोव्याचा. दोघांनीही स्त्रीला चित्रफलकासमोर बसवले. आणि योगायोग असा, की दोघांच्याही मुली चित्रफलकाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी १९३१ साली जी. डी. आर्ट ही पदविका मिळवली. त्या काळी ती मिळवणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. वडिलांच्या चित्रशाळेत वाढलेल्या या मुलीला घरातच गुरू लाभला. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग, वास्तववादी रेखाटन, रंगांचा संयम ही पित्याची वाट त्यांनी सोडली नाही. नवेपणाच्या शोधात असणाऱ्या समीक्षकाला यात उणेपणा दिसेल. पण धुरंधरांच्या मागे त्यांची चित्रे आणि आठवणी त्यांनी ज्या निष्ठेने जपल्या, त्यामुळे एका संपूर्ण कालखंडाची स्मृती आपल्या हाती राहिली. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त १९४० मध्ये प्रसिद्ध झाले होते. अंबिकाबाईंनीही ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून त्याच घराची कथा मुलीच्या नजरेने सांगितली. त्यांची प्रेरणा होती कृतज्ञता. ती कलावंताला मोठे करते तशी कधी कधी झाकूनही टाकते, हेही त्यांच्याच आयुष्यावरून समजते.

अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांची वाट निराळी. त्याही जे. जे. मध्ये शिकल्या, पित्याच्या हाताखाली तैलरंगाची पाश्चात्त्य पद्धत त्यांनी आत्मसात केली. परंतु त्यांचे मन रमले ते भारतीय वेषातील ख्रिस्तकथेत. साडी नेसलेली मेरी आणि तिच्या मांडीवरचा बाळ येशू ही त्यांची चित्रे पाहताना कोकणातल्या एखाद्या घराच्या ओसरीवर आपण उभे आहोत असे वाटते. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात चारशे वर्षे युरोपीय रूपातच पुजली गेलेली माता त्यांनी आपल्या मातीत आणून बसवली. उत्तरायुष्यात तर त्यांनी त्रिकोणाकृतींवर आधारलेली एक अमूर्तप्राय शैली सिद्ध केली आणि तिला ‘त्रिंदादिझम’ असे नाव दिले. पोर्तुगीज भाषेत ‘त्रिंदाद’ म्हणजे त्रैक्य. वडिलांकडून वारशाने आलेल्या आडनावातून तिने आपल्या स्वतंत्र कलेचे नाव घडवले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात आज पिता आणि कन्या या दोघांचीही चित्रे आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत चित्रकाराची मुलगी असणे ही अट उरली नाही. नागपूरजवळच्या बेला या खेड्यात जन्मलेल्या बी. प्रभा (१९३३–२००१) नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईला जे. जे. मध्ये आल्या आणि शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी विवाह करून याच नगरीत राहिल्या. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या कोळिणी हा त्यांच्या चित्रांचा गाभा झाला. उंच, सडपातळ, लांब मानेच्या आणि खाली वळलेल्या नजरेच्या या स्त्रिया टोपल्या घेऊन उभ्या असतात. त्यांच्या मागे बहुधा एकाच रंगाची विस्तीर्ण पार्श्वभूमी असते. धुरंधरांच्या स्त्रीचित्रांत दागिन्यांचा आणि लुगड्यांच्या काठांचा आनंद आहे. प्रभाबाईंच्या स्त्रीच्या अंगावर दागिना क्वचितच दिसतो. दिसते ते ओझे आणि वाट पाहणे. दुष्काळ आणि भूक हेही त्यांचे विषय होते. बाईला पाहताना प्रथम काय दिसते, हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते; या दोन चित्रकारांची चित्रे शेजारी ठेवली की ते सहज ध्यानात येते.

याउलट गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर (१९३४–२०१४) यांनी स्त्रीचित्रणाच्या चौकटीत स्वतःला बसवून घेतले नाही. १९५५ साली सुवर्णपदकासह जे. जे. चा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मुंबईच्या भुलाभाई देसाई संस्थेत त्यांची चित्रशाळा होती, आणि शेजारी वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा साधक काम करीत होता. प्रफुल्लाबाईंच्या निसर्गचित्रांत आकाश, पाणी आणि अंतर यांचा विस्तार आहे, रंगांच्या पट्ट्यांत विरून जाणारी क्षितिजे आहेत. स्त्रीने स्त्रीचेच दुःख रंगवावे अशी अपेक्षा करणाऱ्यांना त्यांच्या चित्रांनी शांतपणे उत्तर दिले आहे. अथांग अवकाश हाही स्त्रीचा विषय होऊ शकतो.

तिसरे नाव ललिता लाजमी (१९३२–२०२३) यांचे. कोंकणी सारस्वत कुटुंबात, कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. चित्रपट-दिग्दर्शक गुरुदत्त हे त्यांचे बंधू. नात्याने मामा असलेले चित्रकार बी. बी. बेनेगल यांनी लहानपणी हाती दिलेली रंगपेटी ही त्यांच्या कलेची पहिली प्रेरणा. संसार आणि शाळेतील कलाशिक्षिकेची नोकरी सांभाळून त्यांनी चित्रे काढली; १९६१ साली जहांगीर कलादालनात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या जे. जे. च्या संध्याकाळच्या वर्गात अम्लरेखनाचे तंत्र शिकल्या. दिवसभर इतरांना शिकवून संध्याकाळी स्वतः विद्यार्थिनी होण्याची ही चिकाटी त्यांच्या चित्रांतही जाणवते. मुखवटे, विदूषक, दोरीवर तोल सावरणाऱ्या आकृती, कालीचे रूप घेणारी स्त्री आणि वारंवार येणारे स्वतःचे मुख, असे त्यांचे विश्व होते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले, आणि फेब्रुवारीत, ते चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. अनेक वर्षे ‘गुरुदत्तांची बहीण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या कलावतीचे संपूर्ण कार्य एका छताखाली पाहण्याची संधी रसिकांना मिळाली, ती तिच्या वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर!

पुस्तकांतील चित्रांचाही येथे विचार केला पाहिजे, कारण सामान्य घरात चित्र शिरते ते बहुधा पुस्तकाच्या पानावरून. जे. जे. मध्येच चित्रकला शिकलेल्या माधुरी पुरंदरे (जन्म १९५२) यांनी मराठी मुलांसाठी लिहिलेली आणि स्वतःच चितारलेली पुस्तके हा या इतिहासाचा अलीकडचा सुखद अध्याय होय. त्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये आई, बाबा, आजी, आजोबा ही साधी माणसे आपापल्या रोजच्या उद्योगात मग्न आहेत. पऱ्या आणि राजपुत्र यांच्याऐवजी मराठी मुलाला त्याचेच घर चित्रात दाखवावे, ही त्यामागची दृष्टी आहे. ज्या घरातील कामांत स्त्रीची चित्रकला पूर्वी अनामिक राहिली, तेच घर येथे चित्राचा विषय झाले. आणि मुखपृष्ठावर तिचे नाव आले.

तेव्हा या चित्रकर्तींची प्रेरणा कोणती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणाला पित्याची परंपरा प्रिय झाली, कोणाला श्रद्धा. कोणाला किनाऱ्यावरील कष्टकरी बाई दिसली, कोणाला क्षितिज, कोणाला आरशातले आपलेच मुख. समान आहे ते एवढेच, की कोणाच्या तरी चित्रातील आकृती होऊन राहण्याऐवजी त्यांनी पाहण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि पाहिलेल्याखाली स्वतःचे नाव लिहिले.

त्या नावांचे जतन करणे हे मात्र आपल्यावर आहे. आपल्या घरांतील जुन्या दिवाळी अंकांत, लग्नाच्या अल्बमांत, आजीच्या पेटीत ठेवलेल्या भरतकामाच्या खाक्यांत कितीतरी स्त्रियांची रेखाटने पडून असतील. वाचकांनी एकदा ती बाहेर काढावीत, कोपऱ्यातील सही निरखून पाहावी, आणि सही नसेल तर घरातील वृद्धांना विचारून मागील बाजूस नाव, गाव व साल लिहून ठेवावे. पुढल्या वसंतपंचमीला बासरच्या देवळात कोणी चिमुरडी आईच्या मांडीवर बसून पाटीवर पहिली रेघ ओढील. त्या रेघेचे पुढे अक्षर होईल की चित्र, हे कोणी सांगावे? पण तिच्याआधी ज्यांनी रेघा ओढल्या, त्यांची नावे तरी तिला वाचता आली पाहिजेत.