मराठी चौथीनंतर: इंदूरच्या मराठी घरांतील माध्यमबदलाचा इतिहास

मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर त्याची शिकण्याची भाषाच बदलायची, याला कॅनडात ‘लेट इमर्शन’ म्हणतात. पहिली पाच-सहा वर्षे इंग्रजीत शिकलेले मूल सहावी-सातवीत फ्रेंच माध्यमाच्या वर्गात बसते आणि गणित, भूगोल, विज्ञान फ्रेंचमधून शिकू लागते. इंदूरच्या विजय नगरात राहणाऱ्या मराठी पालकांना ही पद्धत अनोळखी वाटते. त्यांच्या पणजोबांना ती वाटली नसती. मुंबई इलाख्यात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणाचा सरधोपट मार्ग हाच होता: चार इयत्ता मराठीत, मग ‘इंग्रजी पहिली’. ही इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक.

हा मार्ग भांडणातून निघाला. 1840 च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष इंग्रजीच्या बाजूने होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने. शंकरशेटांचे म्हणणे होते की, सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल. अखेर सरकारने मधली वाट धरली. खालच्या इयत्ता मराठी, गुजराती, कानडीत आणि वरचे शिक्षण इंग्रजीत. 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानेही साधारण हीच मांडणी उचलली. मुलाला आधी स्वतःच्या भाषेत लिहिता-वाचता यावे आणि मग परक्या भाषेत उतरवावे, असा शैक्षणिक हेतू त्यामागे सर्वांचाच होता असे नव्हे. पुरेसे इंग्रजी शिक्षक नव्हते, हेही तितकेच खरे कारण होते. पण परिणाम मोलाचा झाला. इंग्रजी पहिलीत आलेला मुलगा मराठी नीट वाचणारा, हिशेब येणारा असे.

उशीर झाला म्हणजे संधी गेली, असे त्या काळात कोणी मानत नसे. जोतीराव फुले प्राथमिक शिक्षण अर्धवट सोडून शेतीच्या कामाला लागले होते. 1841 मध्ये, चौदाच्या आसपास वय असताना, ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले आणि 1847 पर्यंत तिथे शिकले. धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ते मुरूडच्या मराठी शाळेत शिकले, सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मित्रांबरोबर पावसात कुंभार्ली घाट चालून साताऱ्याला गेले, आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले गेले नाही. इंग्रजीचा अभ्यास त्यांनी त्यानंतर हाती घेतला. 1881 मध्ये मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. तीन वर्षांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. विषय समजण्याची ताकद मराठीत तयार झालेली होती, तिला फक्त नवी भाषा जोडायची होती.

इंदुरात मात्र माध्यमाचा प्रश्न दुपेडी नव्हता, तिपेडी होता. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि शहराला लागून ब्रिटिश रेसिडेन्सी उभी राहिली. दरबारातली आणि देवघरातली भाषा मराठी, दप्तर मोडीत, बाजारात माळवी आणि हिंदी, रेसिडेन्सीत इंग्रजी. मुलगा शाळेत जाण्याआधीच दोन भाषांत वावरत असे. 1841 मध्ये इंदूर मदरसा सुरू झाला. सरदार-राजपुत्रांसाठी डेली कॉलेज झाले. 1887 मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. त्याची एक बाजू इथे लक्षात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे हे कॉलेज कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काढले होते. 1891 मध्ये शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज स्थापन केले. इथल्या मुलांच्या परीक्षा मुंबईच्या नव्हे, तर उत्तरेकडच्या विद्यापीठांच्या असत: आधी कलकत्ता, मग अलाहाबाद, पुढे आग्रा. म्हणजे इंदूरच्या मराठी मुलाला मराठी घर सोडून एकदम इंग्रजी गाठावे लागत नसे. वाटेत हिंदी लागायची. लिपी तीच देवनागरी असल्याने ही पायरी सोपी जाई. मराठी मागे पडण्याची सुरुवातही याच पायरीवर झाली.

तरी शहराने दोन्ही भाषांचा मान ठेवला. 1917 मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलन झाले. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. दक्षिणेत हिंदी प्रचाराच्या कामाची आखणी याच हिंदी संमेलनात झाली आणि त्यासाठी होळकर महाराजांनी दहा हजार रुपये दिले. 1935 मध्ये दोन्ही संमेलने पुन्हा इंदुरात भरली. भारतातल्या फार थोड्या शहरांना हे भाग्य लाभले असेल.

राजघराण्याने आपल्या मुलासाठी वेगळा मार्ग निवडला. 1908 मध्ये जन्मलेले यशवंतराव होळकर (दुसरे) इंग्लंडमधल्या चीम आणि चार्टरहाउस या शाळांत शिकले आणि नंतर ऑक्सफर्डला गेले. चोवीस तास परक्या भाषेत, घरापासून दूर, असे हे शिक्षण होते. त्यांची ओढ पुढे फ्रान्सकडेही वळली: एकार्ट मुथेसियस या वास्तुविशारदाने बांधलेल्या माणिकबाग राजवाड्यातल्या अनेक वस्तू पॅरिसहून आल्या, आणि बर्नार्ड बुते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने महाराज-महाराणींची चित्रे काढली. पण हे फ्रेंच वळण राजवाड्यापुरतेच राहिले. ते शहराच्या शाळांत उतरले नाही.

1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये मध्य प्रदेशात आले. राज्याची भाषा हिंदी झाली. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर या जुन्या वस्त्यांत मराठी टिकून राहिली, कारण शेजार मराठी होता. इंदूर विकास प्राधिकरणाच्या 54 आणि 74 क्रमांकांच्या योजनांतून आग्रा-मुंबई रस्त्यालगत विजय नगर वाढले, तिथे हा शेजार नाही. भूखंड ज्याला मिळाला तो तिथे राहायला आला. इथल्या मराठी घरातले मूल बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात जाते, मैदानावर हिंदी बोलते, आणि आजी-आजोबांशी मराठी. मराठी वाचायला त्याला कोणी शिकवतेच असे नाही. चौथीपर्यंत मराठी आणि मग दुसरी भाषा, हा क्रम इथे संपला.

कॅनडातला प्रयोग नेमका याच जागी वेगळा ठरतो. 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी पालकांनी आग्रह धरून फ्रेंच माध्यमाचा बालवर्ग सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मुलांची फ्रेंच चांगली तयार झाली आणि इंग्रजीचे नुकसान झाले नाही. पुढे चौथी-पाचवीत आणि सहावी-सातवीत सुरू होणारे वर्गही निघाले. उशिरा आलेली मुले वाचन-लेखनात लवकर पुढे सरकतात, कारण त्यांना आधीच एका भाषेत अभ्यास करता येत असतो. सहज बोलण्यात आणि उच्चारात लहानपणी सुरुवात केलेली मुले बहुधा सरस राहतात. मात्र लँबर्ट यांनीच एक इशाराही दिला. सेंट लँबर्टच्या मुलाची इंग्रजी घरात, दुकानात, दूरचित्रवाणीवर सगळीकडे होती, म्हणून फ्रेंचची तिच्यात भर पडली. ज्याची घरची भाषा समाजात दुबळी आहे, त्याच्या बाबतीत नवी भाषा जुनीची जागा घेते. विजय नगरातले मराठी मूल या दुसऱ्या गटात मोडते, आणि इमर्शनचे यश इथे जसेच्या तसे लागू करणे चूक ठरेल.

शिवाय विजय नगर परिसरातल्या खासगी शाळांत फ्रेंच मिळते तेव्हा ती साधारणतः सहावीपासून तिसरी भाषा म्हणून, आठवड्यातले काही तास. हे इमर्शन नव्हे. तरीही त्या वयात ती शिकणे सोयीचे आहे. रोमन लिपी इंग्रजीमुळे हातात बसलेली असते. आणि निर्जीव वस्तूलाही लिंग असते, ही फ्रेंच व्याकरणातली गोष्ट मराठी मुलाला खटकत नाही. तो खांब, ती खिडकी, ते दार हे त्याने पाळण्यापासून ऐकलेले असते. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला तिथेच अडखळायला होते. म्हणजे मराठी पक्की असेल तर फ्रेंच सोपी जाते.

कुटुंब परदेशी निघाले असेल तर प्रश्न बदलतो. क्वेबेक प्रांतात 1977 च्या भाषा-कायद्यानुसार स्थलांतरितांच्या बहुतेक मुलांना सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमच घ्यावे लागते आणि नव्याने आलेल्यांसाठी आधी भाषा शिकवणारे स्वागतवर्ग असतात. टोरांटो किंवा व्हँकूव्हरला इमर्शन ऐच्छिक आहे. तिथे मोठ्या मुलाला त्यात घालण्यापूर्वी शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या वर्षी किती विषय फ्रेंचमधून असतात, मागे पडणाऱ्या मुलाला जादा मदत मिळते का, आणि नाही जमले तर इंग्रजी वर्गात परत येता येते का.

इंदुरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषययादीत फ्रेंच आहे, तशी मराठीही आहे. फ्रेंचचा वर्ग हवा म्हणून पालक मुख्याध्यापकांना भेटतात. मराठीच्या वर्गासाठीही त्यांनी तसेच भेटावे.