पुन्हा तोच ठसा

नाण्यांच्या प्रदर्शनात टेबलामागे बसणाऱ्याला दिवसभरात चार प्रश्न हमखास विचारले जातात. हे नाणे शिवाजी महाराजांच्या काळातले आहे का? याचे किती रुपये येतील? हे कशाने स्वच्छ करू? आणि चौथा, जरा आवाज खाली आणून, शेतात सापडले आहे, कोणाला दाखवू? पहिल्या दिवशी दुपारपर्यंत उत्तरे हसून दिली जातात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुना संग्राहक चहाचा कप उचलतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, "आता तू सांग." संग्राहकांच्या बैठकांतही हीच तक्रार असते. वर्षानुवर्षे तेच बोलणे चालते, पुढे काही सरकत नाही, आणि नव्यांनी आधी पुस्तक वाचून यावे असे सगळ्यांना वाटते.

ही तक्रार समजण्यासारखी आहे. पण नाणेशास्त्राच्या इतिहासाकडे, विशेषतः आपल्या नाशिक भागातल्या इतिहासाकडे, पाहिले की पुनरावृत्तीबद्दलचे मत बदलावे लागते. या शास्त्राला जे काही कळले, त्यातले बरेचसे एकच गोष्ट हजार वेळा पाहिल्यामुळे कळले आहे.

सर्वात मोठे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे 13,250 होती आणि ती सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, आणि दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. हरलेल्या राजाचे चलन वितळवत न बसता त्यावरच आपले नाव उमटवून ते पुन्हा बाजारात सोडलेले होते. पांडवलेण्यातल्या लेखांत क्षहरातांच्या पराभवाचा जो दावा कोरला आहे, त्याचा चांदीतला पुरावा हा असा हाती आला.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून त्याचा अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेरा हजार नाणी, सगळी जवळजवळ सारखी. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीतले राजाचे नाव. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की पन्नास पाहिली की पुरे. पण हाताने पाडलेल्या नाण्याची एक अडचण असते. ठसा नाण्याच्या मधोमध बसेलच असे नाही. कुठे वरची अक्षरे कापली जातात, कुठे खालची, कुठे निम्मा लेख झिजलेला असतो. एकाच नाण्यावर पूर्ण लेख मिळणे हा योगायोग. एका नाण्यावरून सुरुवात, दुसऱ्यावरून मध्य, तिसऱ्यावरून शेवट असे जुळवत लेख पुरा करावा लागतो. शिवाय इतकी नाणी शेजारी मांडल्यावरच हे ध्यानात आले की त्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत. काही तरुण, काही वृद्ध, नाकाडोळ्यांची ठेवण वेगळी. ग्रीक अक्षरे तर नाण्यागणिक बिघडत गेलेली. ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती, तो पाहून पाहून उतरवत होता. हे सारे एका नाण्यावर दिसत नाही. ते पुनरावृत्तीतच दिसते.

दुसरे उदाहरण शिवराईचे. पहिला प्रश्न जिच्याबद्दल असतो तीच ही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांचे नाव वाचून माणूस हरखतो, आणि त्यात गैर काही नाही. पण 1674 च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे तांब्याचे नाणे महाराजांच्या पश्चातही त्यांच्याच नावाने पाडले जात राहिले. सातारा-कोल्हापूरच्या काळात, पेशवाईत, अनेक टांकसाळींतून, शतकाहून अधिक काळ. ज्या शिवराईवर दोन आडव्या रेघा असतात ती दुदांडी तर उत्तर पेशवाईतली. त्यामुळे आज हाती येणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नसतात.

हे आज आपण दोन वाक्यांत सांगतो. पण त्याचा पाया घालणाऱ्यांत एक नाव रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांचे आहे. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून वाङ्मयाचे वाचक त्यांना ओळखतात. अमेरिकन मिशनच्या या माणसाने अहमदनगर भागात बाजारात चालणाऱ्या हजारो शिवराया जमवल्या आणि त्यांवरच्या लेखांची वर्गवारी केली. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'शीव'. कुठे अक्षरे तीन ओळींत, कुठे वेगळी मांडणी. शिवराई तेव्हा संग्रहातली वस्तू नव्हती, खेड्यापाड्यांत अजून भाजी घ्यायला चालत होती. एका पैशासाठी एवढी यातायात कशाला, असे तेव्हाच्या वाण्यालाही वाटले असेल. शिवराईचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने प्रत्येक नाण्यावर लेखाचा एखादा तुकडाच येतो, हे ज्याने शंभर शिवराया हाताळल्या त्याला सांगावे लागत नाही. ज्याने एकच पाहिली, त्याला सांगूनही पटत नाही.

तिसरे उदाहरण बाहेरून आलेल्या नवख्याचे. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. 1940 च्या सुमारास ते आहत नाण्यांकडे वळले तेव्हा नाणेशास्त्राच्या दृष्टीने ते नवशिकेच होते. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी प्राथमिक होता. नाणे हातोहाती फिरताना किती झिजते? हे तपासायला त्यांनी आपल्याच काळातली, रोजच्या व्यवहारातली नाणी मोठ्या संख्येने तोलली. तीच नाणी, तोच तराजू, तीच नोंद. जितका काळ नाणे चलनात, तितके सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त, हे त्यातून दिसले. मग तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांचा क्रम वजनावरून लावण्याची वाट निघाली. जाणत्यांनी सोडून दिलेला साधा प्रश्न नवख्याने पुन्हा विचारला, म्हणून हे घडले.

आता आपल्या बैठकीतल्या नवख्याकडे वळू. त्याला पुस्तक वाचायला सांगणे चूक नाही. परमेश्वरीलाल गुप्त यांचे नॅशनल बुक ट्रस्टने 1969 साली काढलेले नाण्यांवरचे पुस्तक आजही पहिले पुस्तक म्हणून हाती द्यावे असे आहे. याच गुप्तांनी के. के. माहेश्वरी यांच्यासह त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला भारतीय मुद्रा संशोधन संस्था उभी केली, आणि नाशिकला या शास्त्राच्या नकाशावर ठळक जागा मिळाली. पण पुस्तकातले उत्तर एका ओळीचे असते आणि ते सर्वांना एकच असते. समोर आलेले नाणे मात्र दर वेळी वेगळे असते.

टपाल तिकिटांतले एक उदाहरण देतो, कारण ते नाशिकचेच आहे. पंचम जॉर्जचे जुने तिकीट घेऊन आलेला मुलगा विचारतो, हे लंडनचे की नाशिकचे? उत्तर ठरलेले आहे. कागदातले जलचिन्ह पाहा. एकच तारा असेल तर आधीची लंडनची छपाई. अनेक तारे असतील तर 1926 पासून नाशिक रोडच्या प्रेसमध्ये सुरू झालेली. पण तिकिटाची मागची बाजू काळ्या पाटीवर धरून तारा 'दिसणे' ही वेगळी विद्या आहे. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. दुसऱ्याचे तिकीट तपासले जाताना शेजारी उभे राहिले की दिसू लागते. तिसऱ्याच्या तिकिटाला डिंकाचा डाग असतो, चौथ्याचे तिकीट उलटे छापल्यासारखे वाटते, आणि प्रत्येक वेळी सांगणारा काहीतरी नवे बोलून जातो. आजच्या नाण्यांवरच्या टांकसाळीच्या खुणांचेही तसेच. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पाठ करायला एक मिनिट लागते, पण झिजलेल्या नाण्यावर ठिपका की चौकट हे ओळखायला डोळा बसावा लागतो. तो चर्चेच्या कडेला उभे राहूनच बसतो.

म्हणजे नवख्याला त्या 'त्याच त्या' चर्चेतून तीन गोष्टी मिळतात. उत्तर मिळतेच. उत्तरापर्यंत जाण्याची रीत दिसते. आणि जाणत्यांचेही कुठे एकमत नाही हे कळते. तिसरी गोष्ट पुस्तकात सहसा सापडत नाही.

पण इथे एक धोका आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. पुनरावृत्ती सत्याचीच होते असे नाही. एका बाजूला राम-दरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818, अर्धा आणा' असे लिहिलेला बिल्ला घेऊन दर प्रदर्शनात कोणीतरी येतेच. हे नाणे नव्हे, नंतर कोणीतरी हौसेसाठी किंवा फसवणुकीसाठी बनवलेली वस्तू आहे. ती तांदूळ ओढते, लाखोंना जाते, ही दंतकथाही पुन्हा पुन्हा सांगूनच पसरली. जुन्या नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली लोकांकडून पैसे उकळले जातात, त्यात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते, म्हणून ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला.

गंमत अशी की या बिल्ल्याबद्दल आपण देतो ते उत्तरही कधी कधी अर्धेच असते. "इंग्रज आपल्या नाण्यावर हिंदू देव कशाला घालतील?" असे अनेकजण ठासून सांगतात. पण कंपनीच्याच मद्रास टांकसाळीत 1807-08 च्या सुमारास पडलेल्या पाव पॅगोडावर एका बाजूला गोपुर आणि दुसऱ्या बाजूला विष्णू आहे. म्हणजे निष्कर्ष बरोबर, कारण चूक. खरे कारण असे की, 1818 साली कंपनीचे संपूर्ण हिंदुस्थानासाठीचे एकसारखे चलन अस्तित्वातच नव्हते. प्रत्येक इलाख्याचे चलन निराळे होते आणि एकसारखे नाणे 1835 पासून आले. हे चुकीचे कारण सुधारते कसे? प्रश्न शंभराव्यांदा विचारला जातो, उत्तर देणारा तेच वाक्य म्हणतो, आणि कडेला उभा असलेला एखादा मद्रासचे नाणे पाहिलेला माणूस म्हणतो, थांबा. प्रश्न एकदाच विचारला गेला असता आणि उत्तर लिहून भिंतीवर चिकटवले असते, तर ती चूकही कायमची चिकटली असती.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात छोटे आहे. स्वच्छ करू नका. चिंच-मीठ नको, राख नको, भांडी घासायची पावडर तर नकोच. तांब्यावर शतकभरात चढलेली छटा हीच त्या नाण्याची कातडी असते. ती गेली की अक्षरांच्या कडा जातात आणि पुन्हा येत नाहीत. हे वाक्य रोज दहा वेळा म्हणावे लागते, कारण रोज दहा घरांत कोणीतरी चिंच भिजत घालत असतो.

आणि चौथा प्रश्न. शेतात सापडले आहे, कोणाला दाखवू? खरे मोल इथे आहे. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. हे माहीत नसलेला आणि माहीत असून घाबरलेला, दोघेही शेवटी सराफाकडे जातात. चांदी वजनावर जाते, मुशीत वितळते, आणि कोणी कोणाचे राज्य कधी घेतले याचा पुरावा पैंजण होऊन बाहेर पडतो. जोगलटेंभीची नाणी वाचली म्हणून आपण नहपान आणि गौतमीपुत्र यांच्याबद्दल आज ठामपणे बोलतो. जी वाचली नाहीत त्यांची मोजदाद नाही. दबक्या आवाजात विचारणाऱ्या माणसाला "हे शंभरदा सांगून झाले आहे" असे उत्तर मिळाले, तर तो दुसऱ्यांदा विचारत नाही. आपल्यासाठी तो शंभरावा असतो. त्याच्यासाठी ती पहिलीच वेळ असते, आणि त्या साठ्यासाठी बहुधा शेवटची.

म्हणून बैठकांत एक साधी व्यवस्था असावी असे सुचवावेसे वाटते. दर वेळी पहिला अर्धा तास नव्यांच्या प्रश्नांचा, कितीही जुने असले तरी. उत्तर देणाऱ्याने 'काय' बरोबर 'कशावरून' हेही सांगावे. आणि उत्तरे आळीपाळीने द्यावीत. त्यामुळे एकाचा कंटाळा दुसऱ्याच्या उत्साहाने भरून निघेल आणि एकाची चूक दुसऱ्याच्या कानावर पडेल.

पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3,000 कार्षापण ठेवले. 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि 1,000 दुसरीकडे पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अटही घातली. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला, रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, आणि मग दगडात कोरला गेला. एकच गोष्ट तीनदा. सभेत हजर असलेल्यांना ती पहिल्याच वेळी कळली होती. पुढच्या दोन वेळा जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी होत्या, आणि आपण त्यांच्यातलेच आहोत.