भंडारातला रुपया कोणाचा?



परवा सुनेने विचारले, "आई, भंडारात टाकलेला रुपया कोणाचा?" विश्वस्तांचा नक्कीच नाही. ते फक्त सांभाळणारे.

मुंबई राज्याने 1950 मध्ये सार्वजनिक न्यासांचा कायदा केला. न्यासाची नोंदणी, हिशेब आणि तपासणी बंधनकारक झाली. एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक कायदा कायम ठेवला. हिशेब द्यावाच लागेल. मात्र दोन गोष्टी रद्द झाल्या: धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त नेमणे, आणि मूळ हेतू पार पाडता येत असूनही धर्माचा पैसा दुसऱ्या कामाला वळवणे. देवद्रव्य देवाच्याच कामी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, तेच न्यायालयानेही मानले.

याच कायद्याप्रमाणे मंदिरात नेमाने दर्शनाला जाणारी व्यक्तीही न्यासात हितसंबंध असलेली ठरते. म्हणजे तुम्ही-मीसुद्धा! स्वयंपाकघरातल्या पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या आपण, मंदिराचा हिशेब विचारताना का संकोचतो? विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, तीही सेवाच आहे.