वैलावरचे दूध आणि देवांचे अन्न

कोजागिरीच्या रात्री नेपियर टाउनातील आमच्या गच्चीवर यंदा दोन भांडी शेजारी शेजारी ठेवली होती. एका पातेल्यात केशर-वेलदोडा घातलेले आटीव दूध होते. दुसऱ्या, विजेवर चालणाऱ्या ‘स्लो कुकर’मध्ये मुलांनी केलेले दाट, गरम चॉकलेट. मुलांचा आग्रह असा की, हेही मंद आचेवरचे दूधच. तेव्हा यालाही कोजागिरीचे दूध म्हणण्यास हरकत कोणती? वडील मंडळींस ते मानवले नाही. या घरगुती वादाचा निवाडा इतिहासाच्या साह्याने करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या बाजूचा पुरावा पाहू. महाराष्ट्रातील जुन्या चुलीला शेजारी एक वैल असे. त्यास स्वतंत्र जाळ नसे. मुख्य चुलीची उष्णता तेवढी तेथे पोचे. दुधाचे भांडे या वैलावर ठेवावे, आणि घरातील स्त्रियांनी इतर कामे उरकता उरकता त्याकडे लक्ष द्यावे, अशी रीत होती. जबलपूरकडील बुंदेली घरांत हेच काम बरोसी करी. मातीच्या त्या पात्रात गोवऱ्यांचा विस्तव धुमसत राही आणि त्यावरचे दूध तांबूस होई. प्रांत दोन, पण युक्ती एकच. मंद विस्तव म्हणजे गरिबीतला काटकसरीचा विस्तव, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. उरलेली आच वाया जाऊ नये, म्हणून ती दुधास दिली जाई.

दुधात सुमारे सात-अष्टमांश केवळ पाणीच असते. उघड्या भांड्यात मंद आचेवर ते पाणी वाफेने निघून जाते. स्निग्धांश, साखर आणि इतर घन पदार्थ मागे राहतात. ढवळणे थांबले की दूध तळाशी लागते. निम्मे आटले की बासुंदी, पुरते आटले की खवा. जबलपूरची ख्यातनाम खव्याची जिलबी याच मार्गाच्या शेवटच्या मुक्कामावर भेटते.

आता दुसऱ्या भांड्याकडे वळू. कोकोची जन्मभूमी अमेरिका खंड. तेथील माया आणि अझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात कालवून त्याचे पेय करीत. त्यात मिरची घालीत, आणि फेस यावा म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतीत. हलवायाच्या दुकानात दूध पेल्यातून पेल्यात झेलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे दृश्य परके वाटणार नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते पेय उचलले आणि त्यात साखर घातली. ते घुसळण्यासाठी त्यांनी जे लाकडी साधन वापरले, ते आपल्या रवीचे भावंडच शोभेल. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या झाडास जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा आहे. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हाउटन यांनी बियांतील चरबी दाबून काढण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यामुळे आज आपण डब्यातून काढतो ती कोकोची भुकटी साध्य झाली. कॅडबरीचा व्यापार भारतात १९४८ साली सुरू झाला.

स्लो कुकरचाही इतिहास आहे, आणि तो वैलाच्या इतिहासाशी नाते सांगतो. शिकागोतील संशोधक आयर्विंग नॅक्सन यांस १९४० साली अशा पात्राचे पेटंट मिळाले. त्यांच्या आईने लिथुआनियातील व्हिल्ना गावची एक आठवण सांगितली होती. ज्यू लोकांस शनिवारी विस्तव पेटविणे निषिद्ध. म्हणून शुक्रवारी सायंकाळीच कडधान्ये आणि मांस यांचे भांडे भटारखान्याच्या भट्टीत ठेवीत, आणि विझत्या भट्टीच्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे. या आठवणीतून हे यंत्र निघाले. १९७१ पासून ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने अमेरिकेत घरोघरी गेले. तेव्हा दूरदेशी गेलेल्या कुटुंबाने आईच्या चुलीस विजेचे रूप दिले, असेच म्हटले पाहिजे.

ही गोष्ट आपल्यासारख्यांस जवळची आहे. जबलपुरात मराठी माणूस निरनिराळ्या निमित्तांनी आला. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकला; १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती गेला. १८७० साली मुंबईहून कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग जबलपूरमार्गे पुरा झाला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, आणि मध्यप्रदेशचे उच्च न्यायालय येथे बसले. हुकूम निघाला की सामान बांधावयाचे, हा बदलीच्या नोकरीचा धर्म. त्या सामानात पितळी पातेले, रवी आणि पोळपाट आलेच. चूल मात्र आणता येत नाही. चुलीची रीत तेवढी येते. सतराव्या शतकात महाराष्ट्रातून तंजावरास गेलेल्या रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ तेथेच रचला. देश सोडल्यावर जेवणाखाण्याची नोंद ठेवावीशी वाटणे, ही ओढ जुनी आहे.

मग निवाडा काय? मुलांचे पात्र आणि आपला वैल यांची आच एकाच कुळातील, हे मान्य. परंतु कार्य भिन्न आहे. स्लो कुकरवर झाकण असते. वाफ परत आतच पडते, म्हणून त्यात दूध आटत नाही. चॉकलेटला दाटपणा येतो तो वितळलेल्या चॉकलेटच्या चरबीने, कोकोच्या भुकटीने आणि घातलेल्या सायीने. मुलांची कृतीही तशीच होती: एक लिटर दूध, पाव वाटी कोको, शंभर ग्रॅम चॉकलेट, थोडी साय, बेताची साखर. कोमट दुधात कोको आधी कालवून घ्यावा, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर दोन तास ठेवावे, अधूनमधून ढवळावे, उकळू देऊ नये. एकात पाणी वजा करून दाटपणा येतो, दुसऱ्यात भर घालून.

म्हणून आमचे मत असे: दोन्ही पेये गच्चीवर असावीत, पण एकाचे नाव दुसऱ्यास देऊ नये. चॉकलेटला चॉकलेटच म्हणावे. त्याची स्वतःची वंशावळ काही कमी थोर नाही. आटीव दूध मात्र दरवर्षी कोणीतरी उघड्या पातेल्याजवळ बसून, पळी हलवीत करावे. ती बैठकच हरवली, तर पुढच्या बदलीच्या गावी न्यावयास आपल्याजवळ फक्त नाव उरेल. शेजारच्या घरी चांदण्यात खीर ठेवली होती. तिची वाटी आमच्याकडे आली, तेव्हा उलट दोन पेले पाठविताना मुलांनी आपण होऊन दोहोंची नावे वेगवेगळी सांगितली.