इतिहासाधिष्ठित सादरीकरण
इतिहासाधिष्ठित सादरीकरण म्हणजे जुनी पाश्चात्त्य संगीतरचना तिच्या काळातील वाद्यांवर व तत्कालीन संकेतांनुसार सादर करण्याची पद्धती होय. आर्नोल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) हे तिचे एक आद्य प्रवर्तक. निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये व्हिएन्ना येथे 'कॉन्सेंटस म्युझिकस' हा वाद्यवृंद स्थापन केला.

या पद्धतीत व्हायोलिनला आतड्याच्या तारा लावतात. बरोक रचनांसाठी 'ए' हा संदर्भस्वर ४४० हर्ट्‌झऐवजी बहुधा ४१५ हर्ट्‌झला मिळवतात. मात्र त्या काळी स्वरपट्टी गावोगाव भिन्न असल्याने हा आकडा आजची सोय आहे.

तत्कालीन ध्वनिमुद्रण नसल्याने क्वान्ट्स यांच्या १७५२ मधील बासरीविषयक ग्रंथासारखी साधने आधारभूत ठरतात. ही शैली भूतकाळापेक्षा विसाव्या शतकाची अभिरुची दर्शवते, असा आक्षेप रिचर्ड टारुस्किन यांनी घेतला आहे.